वाहक कीटक, पीकरोग आणि निदानातील समन्वय : वऱ्हाडातील संत्राबागांच्या निमित्ताने

निदानाविना चिकित्सा करू नये, हा पाठ आपण वैद्यवर्ग मनुष्यरुग्णाच्या संदर्भात गिरवीत असतो. वऱ्हाडात व्यवसाय करणाऱ्यांकडे मात्र आणखी एका रुग्णाविषयी पृच्छा होत असते. वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या भागांतील बागायतदार स्वतःचे दुखणे सांगून झाल्यावर संत्र्याची पिवळी पडलेली डहाळी पुढे करतात व “डॉक्टरसाहेब, याचंही पाहून घ्या” म्हणतात. आयुर्वेदाच्या चिकित्सकास झाडाझुडपांचे कळत असणार, अशी त्यांची श्रद्धा असते. ही श्रद्धा आपला सन्मान करणारी आहे, परंतु तिच्यात धोकाही आहे. त्या पानाकडे पाहून आपण एखादा काढा, धूपन वा अर्क सांगितला आणि रोग कीटकाने पसरविलेला असला, तर आपल्या सल्ल्याने गेलेले दोन हंगाम त्या बागेस परत मिळत नाहीत. कीटकांमार्फत पसरणाऱ्या पीकरोगांचे निदान कोणी, कसे व कोणाच्या साहाय्याने करावयाचे आणि त्यात आपला वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पांडुपत्रता आणि तिची अनेक कारणे

वृक्षरोगांचा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथे रोगी वृक्षाची चार लक्षणे आढळतात : पाने पांडुर होणे, नवी पालवी न वाढणे, फांद्या वाळत जाणे आणि रस स्रवणे. ऱ्हास पावणाऱ्या संत्राबागेत उभे राहून हे वर्णन आठवावे. पिवळे पान, खुंटलेली नवती, सल झालेल्या फांद्या आणि खोडावरचा डिंक ही चारही लक्षणे एकाच धुऱ्याच्या आत दिसतात. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात वृक्षांच्या रोगांची विभागणी वातादी दोषांनी होणारे आणि बाह्य कारणांनी होणारे, अशी आपल्या निज-आगंतु विभागणीस समांतर केलेली आहे. या ग्रंथाची प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात जतन झाली होती. नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये सिकंदराबादच्या एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने प्रसिद्ध केला.

प्राचीनांचे निरीक्षण अचूक होते, हे मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वराहमिहिराने कारणे म्हणून थंडी, वारा व ऊन यांचा निर्देश केला. पानाच्या शिरेत तोंड खुपसणारा तीन-चार मिलिमीटरचा कीटक एका झाडातील जीवाणू दुसऱ्या झाडात नेतो, हे दिसण्याचे साधन त्या काळी नव्हते. लक्षणांची यादी पूर्ण आणि संप्राप्ती अपूर्ण, अशी ती स्थिती होती. आपल्यातील काही उत्साही मंडळी वृक्षायुर्वेदात सर्व काही आहे असे सांगतात, त्यांच्याशी आम्ही या मुद्द्यावर सहमत नाही.

संत्र्याच्या पांडुपत्रतेची निदान पाच-सहा कारणे वऱ्हाडात संभवतात. जस्ताची कमतरता असल्यास नव्या पानांवर शिरांमधील भाग पिवळा होतो, पाने लहान व निमुळती राहतात, आणि मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंस पिवळेपणाची आकृती सारखी असते. लोहाच्या कमतरतेत शिरांचे हिरवे जाळे तेवढे उरते; चुनखडीयुक्त जमिनीत हे विशेष दिसते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून फायटोफ्थोरा बुरशीने मुळे कुजली, तर पानांच्या शिराच पिवळ्या पडतात, पानगळ होते, बुंध्याशी साल कुजून डिंक येतो. यालाच बागायतदार डिंक्या म्हणतात. काळ्या माशीने रस शोषून पानांवर चिकटा सोडला व त्यावर काळी बुरशी वाढली, तर ती कोळशी. तेथे निदानास अडचण पडत नाही. उरतात दोन रोग, ज्यांच्या बाबतीत कीटक रस शोषून जे नुकसान करतो त्याहून तो जे घेऊन येतो ते अधिक घातक असते : मावा पसरवितो तो ट्रिस्टेझा विषाणू, आणि सायला पसरविते तो ग्रीनिंग.

ग्रीनिंगचे पान जस्ताच्या कमतरतेसारखेच भासते, हीच मोठी अडचण. लक्षपूर्वक पाहिल्यास पिवळे-हिरवे डाग मध्यशिरेच्या दोन बाजूंस विषम असतात. एका अर्ध्यात जेथे डाग आहे तेथे दुसऱ्या अर्ध्यात नसतो. प्रथम एखादीच फांदी पिवळी पडते व बाकी झाड हिरवेगार राहते. फळे लहान, एका अंगाने वाकडी, आतील बिया पोचट, आणि पक्व होतानाही तळाकडून हिरवी राहतात. रोगाचे हे इंग्रजी नाव त्यावरूनच पडले. चिनी भाषेत त्यास ह्वांगलोंगबिंग, म्हणजे पिवळ्या फुटव्याचा रोग, म्हणतात.

या रोगाचा कर्ता जीवाणू झाडाच्या अन्नरसवाहिन्यांत राहतो. वाहिन्या अवरुद्ध होतात, पानात तयार झालेले पिष्ट खाली उतरत नाही, पान जाड व ठिसूळ होते आणि मुळे उपाशी राहतात. मुळे क्षीण झाली की जस्त, लोह यांचे शोषणही घटते, म्हणून जस्ताच्या कमतरतेची लक्षणे खरोखरच त्याच झाडावर उमटतात. एक व्याधी दुसऱ्या व्याधीचे निदान होते, असे चरकाचार्यांनी निदानस्थानात निदानार्थकर रोगांविषयी सांगितले आहे, त्याची येथे आठवण व्हावी. स्रोतसांतील संगाशी असलेले साम्यही वैद्यांच्या लक्षात येईल. परंतु साम्य हे समजण्याची सोय म्हणूनच घ्यावे, त्यावरून चिकित्सा बेतू नये.

दोन दप्तरांत विभागलेला रोग

ग्रीनिंगचा भारतातील इतिहास हा समन्वयाअभावी काय होते याचा उत्तम पाठ आहे. १९२७ मध्ये एम. अफझल हुसेन व दीनानाथ यांनी पंजाबातील लिंबूवर्गीय झाडांवरील सायलेचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. कीड किती अंडी घालते, पिले कोवळ्या नवतीवर कशी वाढतात, झाडे कशी वाळतात, हे सर्व त्यात आले. मात्र झाडांचे वाळणे हे किडीने रस शोषल्याचा व विषारी लाळेचा परिणाम, असेच त्या काळी समजले गेले. इकडे फळबागांचे अभ्यासक झाडांच्या शेंडेमर रोगाची कारणे जमिनीत, खतात, खुंटात शोधीत होते. कीटकशास्त्राच्या दप्तरात कीड आणि उद्यानशास्त्राच्या दप्तरात रोग, अशी जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

ती दप्तरे एकत्र आली १९६० च्या दशकात. ऑस्ट्रेलियातील रोगशास्त्रज्ञ लिलियन फ्रेझर यांनी भारतातील बागांची पाहणी केली आणि १९६६ मध्ये दलजित सिंग, एस. पी. कपूर व टी. के. नरियानी यांच्यासह असा निष्कर्ष मांडला की, भारतातील शेंडेमरीचे संभाव्य कारण ग्रीनिंग आहे. दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, पुण्यात काम करणारे कपूर, डी. जी. राव व एस. एम. विश्वनाथ यांनी सायला या कीटकामार्फत हा रोग झाडाझाडांत पसरतो हे प्रयोगाने दाखवून दिले. दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्या जातीच्या सायलेविषयी असेच काम १९६५ मध्ये झाले होते. चीनमध्ये लिन कुंगश्यांग यांनी हा रोग कलमातून जातो हे १९५६ मध्येच दाखविले होते. परंतु त्यांच्या निष्कर्षाची दखल बाहेरच्या जगाने उशिरा घेतली.

तरीही रोगकर्ता विषाणूच समजला जात होता. १९७० मध्ये फ्रान्समधील संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगी झाडाच्या अन्नवाहिन्यांत विषाणूहून कितीतरी मोठे सूक्ष्मजीव दिसले. अमरवेलीच्या साहाय्याने ते संत्र्यातून सदाफुलीत नेण्यात आले. आपल्या परिचयाच्या या दोन वनस्पतींनी लिंबूवर्गीय फळांच्या रोगविज्ञानात बजावलेली ही कामगिरी आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावी असे आम्हांस वाटते. पुढे झोझेफ बोवे यांच्या गटाने जनुकीय परीक्षणाने या जीवाणूची ओळख पटविली व १९९४ मध्ये त्यास लिबेरोबॅक्टर हे नाव दिले. आज ते कँडिडॅटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस असे लिहिले जाते. त्या परीक्षणासाठी आशियाई प्रकाराचा नमुना म्हणून जो वापरला गेला तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जातो. कीटक पंजाबात वर्णिला गेला, वाहकत्व पुण्यात सिद्ध झाले, आणि नाव फ्रान्समध्ये ठरले. एका संस्थेच्या भिंतीआड हे काम पूर्ण झाले नसते.

उशीर झाल्यास काय होते याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडाचे आहे. तेथे सायला १९९८ मध्ये आढळली. रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात सुमारे २४ कोटी २० लाख पेट्या मोसंबीवर्गीय गोड फळे देणारे ते राज्य २०२३-२४ मध्ये २ कोटी पेट्यांच्याही खाली आले. चक्रीवादळांचाही त्यात भाग आहे, परंतु बागा आधीच पोखरल्या गेल्या होत्या. सायला आणि रोग यांच्यामधल्या त्या सात वर्षांत कीटकासह रोपांची वाहतूक राज्यभर होत राहिली.

उपशय-अनुपशयाची मर्यादा

गूढलिंग व्याधीची परीक्षा उपशय-अनुपशयाने करावी, हे आपले सूत्र. ग्रीनिंगच्या संशोधनातही ते नकळत वापरले गेले. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांनी लक्षणे ओसरली, म्हणून विषाणूची शंका दूर झाली. पेनिसिलिननेही उपशय मिळाला, म्हणून जीवाणूस पेशीभित्तिका आहे असे अनुमान निघाले. प्रतिजैविकांचे असे प्रयोग १९७० च्या दशकात पुण्यासही झाले. निदान म्हणून ही पद्धती मोलाची ठरली. चिकित्सा म्हणून मात्र औषध थांबताच लक्षणे परततात, आणि अन्नधान्य-फळांत प्रतिजैविकांचा वापर स्वतंत्र आपत्ती ओढवून घेतो.

बागेत शेतकरी जो उपशय करतो तो जस्ताच्या फवारणीचा. खरी कमतरता असेल तर पुढची नवती हिरवी येते व तशीच टिकते. ग्रीनिंग असेल तर झाड काही काळ टवटवीत दिसते, कारण दुय्यम कमतरता भरून निघते. जीवाणू मात्र तेथेच असतो. हा आंशिक उपशय फसवा आहे. झाड सुधारले असे समजून बागायतदार निश्चिंत होतो, आणि सायला त्या ‘सुधारलेल्या’ झाडाच्या कोवळ्या नवतीवर अधिकच रमते. संक्रमण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही महिने ते काही वर्षे जातात. त्या अवधीत डोळे काढले गेल्यास रोग रोपवाटिकेत शिरतो. शेंदुरजनाघाट परिसरातून संत्र्याची कलमे दूरदूर जातात. अशा ठिकाणी मातृवृक्षाची परीक्षा एका बागेपुरती राहत नाही, ती शेकडो बागांची असते.

कुणपजलाविषयी वारंवार विचारणा होते म्हणून येथेच नमूद करतो. कुणपजल हे पोषक द्रव खत आहे. त्याचे प्रयोग अवश्य व्हावेत. ग्रीनिंग वा ट्रिस्टेझा यांवरील उपाय म्हणून त्याचा दावा कोणीही करू नये.

अकोल्याचे लिंबू आणि अमरावतीचा संत्रा

ट्रिस्टेझाच्या बाबतीत दोन्ही जिल्ह्यांचा एकत्र विचार का हवा, ते पाहू. संत्र्याचा डोळा आपल्याकडे जंबेरी वा रंगपूर लाईम या खुंटांवर भरतात. या खुंटांवरील संत्रा ट्रिस्टेझा सहन करतो. विषाणू असूनही झाड पुष्कळदा निरोगी दिसते. कागदी लिंबू मात्र हा विषाणू लपवू शकत नाही. कोवळे पान उजेडाकडे धरल्यास शिरांमध्ये पारदर्शक ठिपके-रेषा दिसतात, पाने होडीसारखी वळतात, साल सोलल्यास लाकडावर खाचा आढळतात. म्हणूनच जगभर रोगपरीक्षेसाठी कागदी लिंबाचे रोप सूचक वनस्पती म्हणून वापरले गेले. अकोला जिल्ह्यात कागदी लिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणात आहेत. जेथे संत्रा व लिंबू शेजारी आहेत तेथे मावा संत्र्यातून विषाणू उचलतो आणि लक्षण लिंबावर प्रकट होते. लिंबाचा बागायतदार तक्रार करतो, संत्र्याचा बागायतदार करीत नाही. दोघांच्या नोंदी एका ठिकाणी आल्याखेरीज रोगाचे मूळ सापडत नाही.

सोयाबीन, तूर व पानपिंपळी

फळबागांप्रमाणे शेतपिकांतही हाच गोंधळ होतो. २०२३ च्या सप्टेंबरात विदर्भात सोयाबीन अकाली पिवळे पडले तेव्हा कोणी पावसाच्या खंडास दोष दिला, कोणी बियाण्यास. शेतांत पांढऱ्या माशीने पसरणारा पिवळा मोझॅक होता, खोडकुज व मूळकुजही होती; एकाच शेतात दोन्ही असू शकत होते. मोझॅकमध्ये पानावर गडद पिवळे व हिरवे पट्टे मिसळलेले असतात, झाड उभे राहते. कुजीत मुळे व खोड सोलून पाहावे लागते. पहिल्यात रोगट झाडे वेळीच उपटणे आणि पांढऱ्या माशीचे नियंत्रण उपयोगी, दुसऱ्यात त्यांचा काहीही उपयोग नाही. पुढील हंगामाचे वाण निवडणेही निदानावरच अवलंबून असते.

तुरीच्या वांझ रोगाचा इतिहास याहून बोलका आहे. बिहारमधील पुसा येथे १९३१ मध्ये तो नोंदला गेला. तो सूक्ष्म कोळ्यामार्फत पसरतो हे १९६० च्या दशकात कळले (कोळी हा कीटक नव्हे, तरी वाहक म्हणून विचार तोच). रोगकर्ता विषाणू हाती लागण्यास मात्र विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

या संदर्भात यशवंत लक्ष्मण नेने यांचे स्मरण करणे उचित होईल. पंतनगर येथे त्यांनी कडधान्यांवरील पिवळ्या मोझॅकवर आणि त्याच्या पांढऱ्या माशीमार्फत होणाऱ्या प्रसारावर पायाभूत काम केले. त्याच काळात तराई भागातील भाताच्या ‘खैरा’ नावाच्या व्याधीचे कारण त्यांनी शोधले. रोगजंतूचा संशय असलेली ती व्याधी जस्ताच्या कमतरतेची निघाली. एकाच संशोधकाने एका पिवळेपणामागे विषाणू व वाहक शोधावा आणि दुसऱ्या पिकातील व्याधीमागे पोषणाची न्यूनता, यातून व्याधिविनिश्चय म्हणजे काय ते दिसते. वृक्षायुर्वेदाचा अनुवाद प्रसिद्ध करणारे, वर उल्लेखिलेले फाउंडेशनही त्यांनीच स्थापन केले. जुना ग्रंथ प्रकाशात आणणारा विद्वान आधुनिक निदानातही इतका काटेकोर होता, हे आपण लक्षात घ्यावे.

आपल्या औषधीकोठीशी थेट संबंध असलेले पीक म्हणजे अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा पट्ट्यातील पानपिंपळी. त्रिकटू, पिप्पलीमूळ व वर्धमान पिप्पली यांसाठी आपण ज्या द्रव्यावर विसंबतो ते येथे पानमळ्यांच्या परंपरेतून पिकते. मळ्यातील मर ही मुख्यतः मुळांच्या कुजीची मानली जाते, आणि ते बहुधा योग्यच आहे. परंतु पिंपळी व नागवेल या दोहोंवर काकडीवरील मोझॅक विषाणू आढळल्याचे भारतीय संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. हा विषाणू मावा पसरवितो, तोही एका पानावर क्षणभर टोचून दुसऱ्यावर बसण्याच्या अवकाशात. अशा विषाणूस कीटकनाशक फवारून अडविता येत नाही. माशी मरण्यापूर्वीच संक्रमण झालेले असते. सायला वा पांढरी माशी यांच्या अंगात मात्र रोगकर्ता दीर्घकाळ टिकतो, म्हणून तेथे वाहकाचे नियंत्रण उपयुक्त ठरते. निदान झाल्यावर उपाय बदलतो तो असा. पिंपळीची वेल छाटातून लावली जाते. रोगी वेलीचा छाट म्हणजे पुढच्या मळ्यात पेरलेला रोगच. काल, आतप, अग्नी, जल, वायू व जंतू यांनी ज्याचे गंध-वर्ण-रस बिघडलेले नाहीत तेच द्रव्य ग्रहण करावे, हा कल्पस्थानातील आदेश आपण बाजारात माल निवडताना पाळतो. तो मळ्यापर्यंत नेण्याची वेळ आली आहे.

समन्वय कोणामध्ये व कसा

संस्था नाहीत अशी स्थिती नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून कार्यरत आहे; तेथे फळांच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे लिंबूवर्गीय फळांचे केंद्र आहे, तर अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रात सोयाबीनचे काम चालते. नागपूरला १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय संशोधन केंद्र आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. रोगमुक्त कलमे व जनुकीय रोगपरीक्षा या दोन्ही बाबतींत त्याचे काम मोठे आहे. दुर्गापूर व घातखेड येथील कृषी विज्ञान केंद्रे अमरावतीच्या शेतकऱ्यांस जवळची आहेत. समन्वित प्रकल्पांची परंपरा तर देशात १९५७ च्या मका प्रकल्पापासूनची आहे.

महाराष्ट्राने याबाबत एक मोठा प्रयोगही केला. २००८ मध्ये विदर्भात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीन फस्त केल्यानंतर २००९ पासून क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. कीड सर्वेक्षकांनी ठरावीक शेतांत जाऊन मोजणी करावयाची, नोंदी संगणकावर एकत्र यावयाच्या, विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी सल्ला द्यावयाचा व तो शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर पोहोचवावयाचा, अशी ती रचना. पुढे हॉर्टसॅप या नावाने फळपिके, त्यांत संत्राही, या पद्धतीत आली. कृषी खाते, विद्यापीठे व केंद्रीय संस्था एका ओळीत आणणारा हा उपक्रम आम्ही स्तुत्य मानतो.

त्याची एक मर्यादा मात्र विचारात घ्यावी लागेल. अशा सर्वेक्षणाचा कणा म्हणजे आर्थिक नुकसान पातळी : झाडावर कीड अमुक संख्येपुढे गेली की फवारणी. रस शोषून वा पाने खाऊन होणाऱ्या नुकसानीस हा हिशेब योग्य आहे. वाहक कीटकास तो अपुरा पडतो. रोगमुक्त बागेतील शंभर सायला आणि रोगी बागेतील पाच सायला यांत भय कोणाचे अधिक, हे संख्येवरून कळत नाही. कीटकाच्या पोटात काय आहे ते पाहावे लागते. तसे पाहणे आज शक्यही आहे. झाडावर लक्षण उमटण्यापूर्वी सायलेत जीवाणू सापडू शकतो, हे फ्लोरिडात दिसून आले आहे. म्हणजे पूर्वरूपाच्याही आधी निदान! मोजणीसाठी जाणाऱ्या सर्वेक्षकाने काही कीटक अल्कोहोलच्या कुपीत टाकून प्रयोगशाळेकडे द्यावेत, आणि प्रयोगशाळेचा निष्कर्ष त्याच गावाच्या नोंदीत परत यावा, एवढी जोड दिली तर दोन दप्तरे एक होतील. आमच्या मते सर्वांत निकडीची सुधारणा हीच.

यात वैद्यांचे काय काम, असा प्रश्न होईल. आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान या तीन साधनांपैकी प्रत्यक्षाचा प्रथम लाभ बहुधा आपल्याला होतो, कारण आपण गावात असतो. आपल्या अमरावती व अकोला शाखांनी पुढील गोष्टी अंगीकाराव्यात अशी आमची सूचना आहे. शंकित पान आल्यास उपाय न सांगता नमुना नीट घेववावा : देठासह पक्व, डागाळलेली पाने, झाडाच्या चारही दिशांकडून, कारण जीवाणू झाडात सर्वत्र सारखा नसतो, पाने न भिजविता कोरड्या कागदात गुंडाळून, उन्हात न ठेवता, शक्य तितक्या लवकर पाठवावीत. सोबत चिठ्ठी असावी : झाडाचे वय, खुंट कोणता, कलम कोणत्या भागातून आणले, पिवळेपणा एका फांदीस की सर्व झाडास, शेजारी कोणती पिके, अलीकडे काय फवारले. रोग्याचा इतिहास घेण्याचे जे शिक्षण आपल्याला मिळाले आहे ते येथे अक्षरशः उपयोगी पडते. जिवंत कीटक वा रोगी डहाळ्या मात्र एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात नेऊ नयेत.

आपल्या आयुर्वेद महाविद्यालयांच्या द्रव्यगुण प्रयोगशाळांत चूर्णाच्या सूक्ष्मदर्शकीय परीक्षेसाठी आयोडीन असतेच. ग्रीनिंगच्या पानात पिष्ट साठते, म्हणून पानाच्या कापावर वा खरडलेल्या रसावर आयोडीनचा थेंब टाकल्यास तो गडद निळसर-काळा होतो. ही परीक्षा जपान व व्हिएतनाममध्ये क्षेत्रीय चाचणी म्हणून वापरली गेली आहे. अन्य कारणांनीही पानात पिष्ट साठू शकते, म्हणून हिला विनिश्चय समजू नये. कोणते नमुने आधी पाठवावेत एवढे ठरविण्यास ती पुरेशी आहे. विद्यार्थ्यांकडून असे काम करवून घेतल्यास वनस्पतिपरिचयाचा तासही सार्थकी लागेल.

आपल्या उद्यानांविषयी

जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणी पुनर्वसू आत्रेयांनी कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी अग्निवेशास सांगितलेल्या गोष्टींत दोन येथे विशेष लागू आहेत. विकृत देशाच्या लक्षणांत डास, माश्या व टोळ यांच्या उपद्रवाचा समावेश आहे. आणि भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा, असा आदेश आहे. संग्रह करताना आपण नकळत वाहकाचेही संगोपन करीत नाही ना, हे पाहणे त्याच आदेशात येते.

दवाखाने, महाविद्यालये व शाळा यांच्या आवारात आपण औषधी वनस्पतींची उद्याने लावली आहेत. त्यांत कढीपत्ता असतो, कुंपणास कामिनी असते. हे दोन्ही संत्र्याच्याच कुळातील असून सायलेच्या आवडीचे आहेत. कढीपत्त्यावर सायला उत्तम वाढते, जरी जीवाणूस ते झाड मानवत नाही. कामिनीत जीवाणूही अल्प प्रमाणात आढळलेला आहे. संत्रापट्ट्यातील उद्यानांत ही झाडे ठेवावयाची असतील तर त्यांची रोपे बागांच्या परिसरातून वाटू नयेत, छाटणीनंतर येणाऱ्या नवतीवर लक्ष ठेवावे, आणि शेजारच्या बागेत सायलेचे नियंत्रण सुरू असता त्याच वेळी आपल्या आवारातही करावे. पाहण्याची वेळ ठरलेली आहे : आंबिया बहाराची नवती जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात बदामी आकाराची पिवळसर अंडी, मेणासारखे पांढरे धागे सोडणारी चपटी पिले, आणि शेपटाकडील भाग वर उचलून तिरका बसणारा करडा-तपकिरी प्रौढ, हे भिंगाखाली सहज ओळखता येते.

बेल व कवठ हेही त्याच कुळातील. आपल्या उद्यानांतील या झाडांची पाहणी येत्या मृगाच्या नवतीपासून सुरू करावी आणि सायला आढळली अथवा आढळली नाही, दोन्ही नोंदी तारखेसह शाखेकडे पाठवाव्यात. ‘आढळली नाही’ ही नोंदही संशोधकांस तितकीच उपयोगाची असते. ती सहसा कोणी पाठवीत नाही.